रिलिव्हर आप्पा

आमच्या पट्ट्यावर कुणाचं पोट कसं आहे, हे सगळ्या कंपनीत एकाच माणसाला ठाऊक होतं. कुणाला सकाळी साफ होत नाही, कुणाला चहा घेतला की पळावं लागतं, कुणाच्या छातीत जेवणानंतर जळजळतं, कुणाला मूळव्याध आहे आणि तो ते घरीसुद्धा बोलत नाही. रंगनाथ आप्पांना हे सगळं माहीत असायचं आणि ते कुणाचं कुणाला सांगत नसत. ते डॉक्टर नव्हते की कंपाउंडर नव्हते. त्यांचा हुद्दा रिलिव्हर.

आमची कंपनी सुप्याच्या एमआयडीसीत मिक्सरच्या मोटारी जोडते. एक लांबलचक पट्टा आणि त्यावर बावीस जागा. दर चाळीस सेकंदांनी मोटार समोर येते, आपली वायर खोचायची, आपले स्क्रू पिळायचे आणि ती पुढे सोडायची. एक माणूस उठला की पट्टा थांबतो, आणि पट्टा थांबला की मला वरून फोन येतो. म्हणून रिलिव्हर ठेवलेला. ज्याला उठायचं असेल त्याच्या जागी हा उभा राहतो, तो परत आला की दुसऱ्याच्या जागी जातो. बावीसच्या बावीस कामं त्याच्या हाताला असावी लागतात, आणि त्यातलं एकही त्याचं नसतं.

मी त्या पट्ट्याचा सुपरवायझर. रोज नगरहून कंपनीच्या बसनं येतो. दर आठवड्याला पाळी बदलते, त्यामुळे गेल्या अठरा वर्षांत माझं जेवण, झोप आणि परसाकडं यांची एकमेकांशी ओळख राहिलेली नाही. माझ्या खिशात एखाद्या दिवशी पेन नसेल, पण पित्ताची गोळी असतेच. दमलेल्या माणसाचं लिहिणं आहे हे, गोड मानून घ्या.

आप्पा पारनेर तालुक्यातले. बुटके, अंगानं वाळके, चष्म्याला दोरी बांधलेली आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. आमच्याकडे येण्याआधी त्यांनी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात दहा हंगाम काढले होते. गळीत सुरू असताना जागा सोडायची नाही, अशी तिथली रीत. आप्पांनी दहा हंगाम दाबून धरलं. शेवटी नगरला मूळव्याधीचं ऑपरेशन करावं लागलं. त्या डॉक्टरांनी एका कागदाच्या पाठीमागे तोंडापासून खालपर्यंतची सगळी नळी काढून त्यांना समजावून सांगितली होती. दुसऱ्या कुणी तो कागद दवाखान्याच्या पायरीवरच टाकला असता. आप्पांनी त्याला लॅमिनेशन करून घेतलं आणि डब्याच्या पिशवीत ठेवलं. देवाचा फोटो ठेवावा तसा, असं पोरं चिडवायची.

तो कागद कुणाला दाखवायची वेळ आली की आप्पा रंगात यायचे. एरवी बोलणं बेताचं. एकदा सचिन नावाचा आमचा ऑपरेटर जेवण झाल्यावर छाती चोळत बसला होता. सचिन घरचा डबा शेडमध्येच चार मिनिटांत संपवायचा. उरलेल्या वेळात मोबाईल आणि मग जमेल तिथे आडवं व्हायचं. आप्पांनी त्याच्यासमोर कागद धरला.

"हे बघ. हाबी पट्टाच हाय. पयली जागा तोंड. बारीक करायचं काम हितलं. दात हितंच दिल्यात, पुढं कुटंबी न्हाईत. तू पयल्या जागेवरचं काम न करता माल पुढं सोडतो."

"आप्पा, पोट करतंय की बारीक."

"करतंय ना. तीन-चार तास आंबट पान्यात घुसळत बसतंय बिचारं. वर तू जेवला की आडवा पडतो. मग ते आंबट उलटं वर येतंय, तेच तुझ्या छातीत जळतंय. म्होरं बारकं आतडं हाय, लांबीला ईस फूट. जेवनातलं सत्व हितं रगतात जातं. त्याला घाई चालत न्हाई. मंग मोठं आतडं. त्याचं काम पानी वढायचं. आन शेवटी डिस्पॅच." आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तू डिस्पॅच थांबवून धरला तर ते पानी वढतच राहतं. मंग दगड झाला म्हनून रडायचं न्हाई."

त्यांनी आपल्या डब्यातल्या बाजरीच्या भाकरीचा एक घास सचिनला दिला आणि गोड लागेपर्यंत चावायला सांगितलं. सचिन हसला, पण चावत राहिला. बऱ्याच वेळानं मान हलवून म्हणाला, "व्हय राव, गोड लागतीय." तोंडातल्या लाळेनं पिठाची साखर व्हायला लागते, हे आम्ही सगळेच शाळेत शिकलो होतो आणि परीक्षेत लिहून मोकळे झालो होतो. तोंडात ते घडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. म्हणून मी नीट चावायला लागलो असं मात्र नाही. शिकवण पटणं आणि अंगी लागणं यात फार अंतर असतं, निदान माझ्यासारख्याच्या बाबतीत.

आप्पांचं स्वतःचं सगळं ठरलेलं. घरून निघताना तांब्याभर पाणी. डब्यात भाकरी, पालेभाजी, कधी मटकी. बाटलीत पातळ ताक. कँटीनचं तळलेलं ते खात नसत, पण खाणाऱ्याला नावंही ठेवत नसत. जेवल्यावर शेडच्या कडेनं शंभर पावलं. तिसऱ्या पाळीत भरपेट जेवत नसत. "रातीला पोटाचीबी पाळी सुटलेली असती. त्याला कशाला ओव्हरटाईम लावायचा," म्हणायचे. चहा दिवसातून दोन वेळा, तोही काही खाल्ल्यावर. आम्ही बसमधून उतरलो की आधी गेटवरच्या टपरीकडे वळायचो. आप्पा आमच्याकडे बघायचे आणि काही न बोलता आत जायचे. त्यांचं ते न बोलणं फार बोचायचं.

एकदा कंपनीनं आरोग्य सप्ताह ठेवला. पुण्याहून एक आहारतज्ज्ञ बाई आल्या. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत त्यांनी तंतुमय पदार्थ, दही, पाणी, घास बत्तीस वेळा चावून सावकाश जेवणं, सगळं नीट सांगितलं. चांगल्या बोलत होत्या. प्रश्न विचारा म्हणाल्यावर आप्पा उठले. मी मान खाली घातली.

"मॅडम, तुमी सांगितलं ते सगळं खरं हाय," आप्पा म्हणाले. "पन आमाला जेवायला ईस मिंटं. कँटीनला जायला तीन, यायला तीन. हात धुवायच्या रांगेत चार. ताटाच्या रांगेत पाच. ऱ्हायली पाच. त्यात बत्तीस वेळा चावायचं कसं, तेवढं आमच्या साहेबांना सांगून जावा."

सभागृह हसलं. बाईही हसल्या, मग गंभीर झाल्या आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मॅनेजरसाहेबांकडे वळून म्हणाल्या, "यांचं म्हणणं बरोबर आहे. पाच मिनिटांत कुणाचंच पोट नीट राहणार नाही." पुढच्या महिन्यात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची झाली. श्रेय कुणी आप्पांना दिलं नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही.

पण आप्पांचं खरं काम मंगलच्या दुखण्यानंतर सुरू झालं. मंगल नवव्या जागेवर वायरी खोचायची. तिशीतली, दोन मुलांची आई, बोलायला हसरी. एक दिवस ती पोट धरून खाली बसली. मी घाबरलो, गाडी काढून दवाखान्यात पाठवली. तिथे कळलं ते एवढंच, की आतडी कोरडी पडलीत, मळाचे खडे झालेत आणि खालची जागा फाटलीय. बाई दिवसभर पाणी पीत नव्हती. पाणी प्यायलं की जावं लागतं, जायचं तर हात वर करून रिलिव्हरला हाक मारावी लागते, आणि हात वर केला की बावीस जणांच्या माना वळतात. त्यापेक्षा तहान बरी, असं तिनं ठरवलं होतं. मी तिचा सुपरवायझर, रोज तिच्यासमोरून वीस वेळा जायचो. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं, याची अजून लाज वाटते.

मंगल कामावर परतली त्या दिवसापासून आप्पांनी फेरी सुरू केली. कुणी हात वर करायची वाट बघायची नाही. पहिल्या जागेपासून सुरुवात करायची, प्रत्येकाच्या मागे जाऊन उभं राहायचं आणि हळू म्हणायचं, "जाऊन ये." ज्याला जायचं तो जाईल, नसेल जायचं तर मान हलवेल, की आप्पा पुढच्या जागेवर. एका पाळीत अशा चार फेऱ्या. सगळ्यांनाच विचारलं जातं म्हटल्यावर कुणीच उघडं पडत नाही. बायका बिनघोर उठायला लागल्या. बाटल्या भरभरून पाणी प्यायला लागल्या. कुणाला उशीर लागला तर आप्पा त्याची जागा सांभाळत शांत उभे असायचे, आणि तो धावत आला तर रागवायचे, "पळत कशाला आला? तितं घाई केली तर काय उपेग?"

मी त्या पद्धतीला परवानगी दिली असं म्हणता येणार नाही. मी फक्त आडवा आलो नाही. माझ्या नोकरीत चांगुलपणा तेवढ्यापर्यंतच पोचतो.

तीन-चार वर्षं हे असं चाललं. मग मॅनेजरसाहेब बदलले. नव्यांनी पट्ट्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "हा माणूस नेमका काय करतो?" आप्पा तेव्हा दोन जागांच्या मध्ये हात मागे बांधून उभे होते. मला हुकूम झाला, एक आठवडा वही घेऊन फिरायचं आणि रिलिव्हर किती वेळ कामात असतो, किती वेळ रिकामा, हे लिहायचं. त्यावरून त्यांची जागा ठेवायची की काढायची ते ठरणार होतं. पाहणीचं मी आप्पांना सांगितलं. जागा जाईल असं मात्र तोंडानं म्हणालो नाही. "पाहणी आहे आप्पा, नेहमीसारखं चालू द्या," एवढंच बोललो. वाटलं, चार फेऱ्यांची नोंद झाली की आपोआपच जागा टिकेल. उगाच म्हाताऱ्याच्या जिवाला घोर कशाला.

सोमवारी वही घेऊन उभा राहिलो. आप्पांची फेरी सुरू झाली. पहिल्या जागेनं मान हलवली. दुसरीनंही. मंगलनं तर वर बघितलंच नाही. बावीस जागांतून तिघं उठले आणि दोन मिनिटांत परत आले. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. आप्पा मागे उभे राहायचे आणि पुढे सरकायचे. मी लिहीत गेलो, रिकामा, रिकामा, रिकामा. हे काय चाललंय ते मला कळेना.

गुरुवारी जेवणानंतर आप्पा माझ्याकडे आले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, ध्यानात आलं का? कुनाला लागंना झालंय."

"ते तर बघतोय मी आप्पा. पण असं कसं झालं?"

"पोटं वळनावर आली सगळ्यांची. इतकी वर्सं कानीकपाळी वरडलो, पानी प्या, पालेभाजी खा, सकाळी येळ काढून बसा. आता घरूनच मोकळी हुऊन येत्यात. मला वाटलं नव्हतं माझ्या हयातीत हुईल म्हनून." त्यांनी दोरीचा चष्मा काढून पुसला. "लिवा हे बी वहीत."

जागेचं तेव्हा तरी सांगायला हवं होतं, पण त्यांचा तो आनंद मोडवेना. मी लिहिलं. खरंच लिहिलं, की कामगारांच्या सवयी सुधारल्यामुळे रिलिव्हरची गरज बरीच कमी झाल्याचं दिसतं. शनिवारी अहवाल दिला. पुढच्या आठवड्यात रिलिव्हरची जागा रद्द झाली. प्रत्येक जागेवर एक बटण आणि वर पिवळा दिवा बसवायचं ठरलं. ज्याला उठायचं त्यानं बटण दाबायचं, दिवा लागेल, मग सुपरवायझर सोय करील. आप्पांना एकोणिसाव्या जागेवर झाकणाचे चार स्क्रू पिळायला बसवलं.

नोटीस लागली त्या दुपारी मंगल माझ्या टेबलाशी आली. तिच्या मागे आणखी दोघी. मंगलनंच विचारलं.

"साहेब, आप्पांना का काढलं फेरीवरनं?"

"पाहणीत दिसलं ना, कुणालाच उठावं लागत नाही. तुम्हीच कुणी उठला नाहीत."

"आवो, आमी मुद्दाम न्हाई उठलो. तुमी वही घिऊन हुता. आमाला वाटलं, आप्पांची तपासनी हाय. आमी सारखं उठलो तर वर जाईल, की ह्यांच्यामुळं मान्सं जागेवर टिकत न्हाईत. आप्पांचं नाव खराब हुईल. म्हनून सगळ्यांनी ठरवलं, आठ दिस कळ काढायची. मी तर पानीबी न्हाई प्यायले."

जवळजवळ सगळ्या पट्ट्यानं आठवडाभर पोट दाबून धरलं होतं, एका माणसाचं भलं व्हावं म्हणून. आणि त्यानंच त्याची जागा गेली. माझ्या मनात आलं, पाहणी सुरू व्हायच्या आधी मी तोंड उघडून एक वाक्य खरं बोललो असतो, तर हे झालं नसतं. मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं. ते ऐकून हसले आणि म्हणाले, दिव्यांची ऑर्डर गेलीय. मी आणखी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. भांडलो नाही. मुलगी कॉलेजात होती, माझं वय पन्नाशीला आलेलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या अंगात भांडायचं त्राणच उरलेलं नव्हतं.

आप्पांना ते कुणी सांगितलं ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांचा घास हातात तसाच होता. मी समोर बसलो. म्हणाले, "पोटं वळनावर आली म्हनून मी तुमाला लिवायला लावलं. त्यांनी माझ्यापायी कळ काढली. जे करू नका म्हनून वरडलो, तेच माझ्यासाठी केलं पोरींनी." मग डबा बंद केला. अर्धी भाकरी तशीच राहिली होती. आप्पांनी डब्यात काही शिल्लक ठेवल्याचं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

पिवळे दिवे बसले. पहिले दोन दिवस लागले. दिवा लागला की मी माणूस शोधत फिरायचो, माणूस सापडेपर्यंत दिवा जळत राहायचा आणि सगळा पट्टा त्या जागेकडे बघायचा. तिसऱ्या दिवसापासून दिवे लागणं जवळजवळ बंद झालं. वर त्याचं कौतुक झालं. मला एक प्रशस्तिपत्रक मिळालं, ते मी टेबलाच्या खणात उलटं ठेवलंय. सहा महिन्यांत मंगलनं नोकरी सोडली. घरचं कारण सांगितलं. मी आणखी काही विचारलं नाही.

आप्पांची निवृत्ती चौदा महिन्यांवर होती. एवढे दिवस ते एकोणिसाव्या जागेवरच होते. सकाळी तांब्याभर पाणी, ताक, शंभर पावलं, सगळं चालू होतं. त्यांचा दिवा एकदाही लागला नाही. मी मनाची समजूत घालायचो, की आप्पांचं पोट शिस्तीचं आहे, त्यांना गरजच पडत नसेल. ही समजूत माझ्या फार सोयीची होती.

त्यांच्या शेवटच्या दिवशी पहिली पाळी होती. निरोपाचा कार्यक्रम पाळी सुटल्यावर कँटीनमध्ये ठेवलेला, हार आणि पेढे येऊन पडले होते. साधारण अकराच्या सुमारास मला काय वाटलं कोण जाणे, मी हातमोजे चढवले आणि एकोणिसाव्या जागेपाशी गेलो. सुपरवायझरनं पट्ट्याला हात लावायचा नसतो.

"आप्पा, जरा बाजूला व्हा," मी म्हणालो. "जाऊन या तुम्ही. चार स्क्रू मला जमतात."

आप्पांनी समोरच्या मोटारीवरून नजर काढली नाही. एक स्क्रू पिळला, दुसरा पिळला.

"ऱ्हाऊ द्या साहेब," ते म्हणाले. "पयले दोन महिने परसाकडला लागायची. दिवा दाबायचं मन हुईना, म्हनून मी थांब म्हनायचो. मग हळूहळू यायचीच बंद झाली. आता शिफ्टमधी न्हाई, घरीबी न्हाई. तीन-तीन दिस न्हाई. गोळी घ्यावी लागती." तिसरा स्क्रू पिळला. "आतड्याला कळतंय वो, आपुन त्याचं ऐकत न्हाई ते. मग ते सांगायचंच सोडून देतं. त्या डॉक्टरनं मला तवाच सांगितलं हुतं हे. कागदावर लिवायचं ऱ्हायलं."

चौथा स्क्रू पिळून त्यांनी मोटार पुढे सोडली. दुसरी आली. मी हातमोजे घालून तिथेच उभा होतो. आप्पांनी पुढचा स्क्रू उचलला आणि माझ्याकडे न बघता, अगदी मायेनं म्हणाले, "साहेब, तुमी जावा. वरनं फोन यील तुमाला."